माहिती फुकट झाली, आता विश्वास कोणावर ठेवायचा? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर बोलणं निघालं की फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. काही लांबलीत, काही दोन ओळीत आटपलीत. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे मतं पण मोकळेपणाने मांडलीत.

प्रश्न: माहिती स्वस्त झाली म्हणजे नेमकं काय स्वस्त झालं?

नक्कल काढणं आणि ती पोचवणं, एवढंच. हाताने पुस्तक उतरवायचं तर महिनोन् महिने जायचे, १४५० च्या दशकात गुटेनबर्ग या जर्मन मुद्रकाने माइन्झ शहरात बायबल छापलं तेव्हा एकदम साधारण १८० प्रती निघाल्या, १८१४ मध्ये लंडनच्या टाइम्स या वर्तमानपत्राने वाफेवर चालणारं छपाई यंत्र आणलं तर तासाला हजाराच्या वर कागद छापून व्हायला लागले, आणि आता तर फॉरवर्डच्या बाणावर बोट ठेवलं की झालं. पण एखादी गोष्ट खरी आहे का हे बघायचा खर्च काही तेवढा उतरला नाही. त्यासाठी आजही मूळ कागद शोधावा लागतो, जाणकार माणसाला विचारावं लागतं, आकडा कुठून आला ते खणून काढावं लागतं, कधी कधी तर नुसतं थांबावं लागतं. म्हणजे आधी माहिती मिळवण्यात जो जीव जायचा तो आता तपासण्यात जातो, आणि पूर्वी हा तपासण्याचा खर्च थोडाफार तरी छापणारा उचलायचा तो आता पूर्ण वाचणाऱ्याच्या अंगावर येऊन पडलाय. मला विचाराल तर पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने १९७१ मध्येच सांगितलं होतं की माहिती भरमसाट झाली की लक्ष कमी पडायला लागतं. तेव्हा घरोघरी कम्प्युटर सुद्धा नव्हते.

प्रश्न: ही सगळी भानगड इंटरनेट आल्यावरच सुरू झाली ना?

नाही हो. छापखाना आला तेव्हापासूनची आहे. गुटेनबर्गच्या काळातले, ज्यावर तारीख आहे असे सगळ्यात जुने छापील कागद म्हणजे चर्चची पापक्षमेची सर्टिफिकेटं, १४५४-५५ ची. चर्चला वाटलं चला बरं झालं, हाताने लिहायचा ताप गेला. पुढे १५१७ मध्ये मार्टिन लूथर या जर्मन धर्मगुरूने याच सर्टिफिकेटांच्या विक्रीवर जाहीर टीका केली आणि ती त्याच छापखान्यांनी काही आठवड्यांत जर्मन मुलखात सगळीकडे पोचवली. ज्या यंत्राने चर्चचा हुकूम स्वस्तात पोचवला त्यानेच चर्चचा विरोधकही तेवढ्याच स्वस्तात पोचवला, यंत्राला दोन्ही सारखेच. मग चर्चने १५५९ मध्ये बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी काढली, ती यादी १९६६ पर्यंत चालू होती, म्हणजे चारशे वर्षं, आणि तरी पुस्तकं वाचली जायची ती गेलीच.

पण छापखान्याचं नुसतं कौतुक करून थांबायचं नाही. चेटकिणी कशा ओळखायच्या आणि त्यांना शिक्षा कशी करायची याची एक जाडजूड पुस्तिका १४८६ च्या सुमाराला छापली गेली, तिच्या पुढे कितीतरी आवृत्त्या निघाल्या, आणि तिच्या सुरुवातीला पोपचं एक फर्मान जोडलेलं होतं. ते फर्मान पुस्तकाच्या दोन वर्षं आधीचं, पुस्तकाला मान्यता वगैरे देणारं नव्हतंच, पण वाचणाऱ्याला वाटायचं की पोपनेच शिक्का मारलाय. ही युक्ती लक्षात ठेवा, आज जे फॉरवर्ड येतात त्यात पण हीच सापडेल.

प्रश्न: खोट्या बातमीला अधिकाराची काय गरज? खोटं ते खोटंच ना?

उलट सगळ्यात जास्त गरज तिलाच असते. ऑगस्ट १८३५ मधलं उदाहरण बघा. न्यूयॉर्कमध्ये द सन नावाचं वर्तमानपत्र एका सेंटला मिळायचं, इतर मोठी पत्रं सहा सेंटला, त्यामुळे ज्यांनी आधी कधी पेपर विकत घेतला नव्हता असे लोक पण तो घ्यायला लागले होते. त्यात सहा भागांची लेखमाला आली की जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाला प्रचंड मोठ्या दुर्बिणीतून चंद्रावर जंगलं दिसली, प्राणी दिसले आणि वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसली. आता यात खरं काय होतं ते बघा. हर्शेल खरा, मोठा शास्त्रज्ञ. तो तेव्हा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला आकाश बघायला गेलेला, ते पण खरं. एडिनबरोच्या ज्या विज्ञान नियतकालिकाचा हवाला दिला ते एके काळी खरंच निघायचं, फक्त लेख आला तेव्हा ते बंद पडलेलं होतं. म्हणजे नाव खरं, जागा खरी, हवाला खऱ्यासारखा, आणि मधे पंखवाली माणसं. आणि हर्शेलला विचारायचं तर पत्र जहाजाने जाणार नि उत्तर जहाजाने येणार. तोपर्यंत पेपर खपून मोकळा. द सनने नंतर सरळ चूक कबूल केली असं काही झालं नाही आणि पेपरचं त्यावाचून काही अडलं पण नाही.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की लोकांनी पंखवाल्या माणसांवर विश्वास ठेवला त्याआधी हर्शेलवर ठेवला होता. खोटं नेहमी खऱ्या माणसाचा हात धरून घरात येतं. आज मेसेजच्या वर एखाद्या मोठ्या हॉस्पिटलचं, विद्यापीठाचं, अंतराळ संस्थेचं नाव टाकतात ते उगाच नाही.

प्रश्न: म्हणजे लोक मूर्ख आहेत असं म्हणायचंय का?

अजिबात नाही, आणि असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आपल्याला जे जे माहीत आहे त्यातलं बहुतेक सगळं आपण कोणाचं तरी ऐकूनच मानलेलं असतं, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपल्यापैकी किती जणांनी स्वतः मोजून बघितलंय? विश्वास ठेवल्याशिवाय माणसाचं एक दिवस पण चालत नाही. अडचण अशी की मन विश्वास ठेवताना काही शॉर्टकट वापरतं, आणि माहिती थोडी होती तेव्हा ते बऱ्यापैकी चालून जायचे.

एक शॉर्टकट म्हणजे पुन्हा पुन्हा ऐकलं की खरं वाटतं. १९७७ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना काही आठवड्यांच्या अंतराने विधानं दाखवली, जी विधानं परत आली ती लोकांना आधीपेक्षा जास्त खरी वाटली, मग ती खरी असोत की खोटी. आता विचार करा, एखादा मेसेज पाच ग्रुपवर पाच वेगवेगळ्या माणसांकडून आला तर आपल्याला वाटतं पाच जण सांगतायत, पण उगम एकच असतो.

दुसरा शॉर्टकट म्हणजे गर्दी बघणं. २००६ मध्ये छापून आलेला एक फार सुंदर प्रयोग आहे. चौदा हजारांवर लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना नुसती गाणी दिसली, बाकीच्यांना आठ वेगळ्या गटांत टाकून त्यांच्या गटात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलंय ते पण दाखवलं. आकडे दिसले तिथे लोकप्रिय गाणी आणखीनच लोकप्रिय झाली, पण प्रत्येक गटात वरची गाणी वेगवेगळी! फारच चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फारच वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांचं काय होईल ते सांगता येईना. लाइक आणि व्ह्यूजचा आकडा बघून आपण जनमत म्हणतो त्यातलं कितीतरी असंच, सुरुवातीच्या मूठभर लोकांनी कुठे बोट ठेवलं त्यावर ठरलेलं असतं. ऐकावे जनाचे करावे मनाचे हे ठीकच आहे, पण ते जन आपापलं स्वतंत्रपणे सांगत असतील तर ऐकण्यात अर्थ.

प्रश्न: खोटी बातमी खऱ्यापेक्षा जास्त वेगाने पसरते हे सिद्ध झालंय का?

एका मोठ्या अभ्यासात तसं दिसलं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या साधारण १,२६,००० बातम्यांचा प्रवास तपासला, सुमारे ३० लाख लोकांनी त्या पसरवल्या होत्या, आणि खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. दोष ऑटोमॅटिक खात्यांचा असेल म्हणून ती बाजूला काढून पाहिली तरी निष्कर्ष तोच राहिला, म्हणजे पाठवणारी माणसंच होती. खोट्यात नवलाई जास्त असते हे त्यांनी सुचवलेलं कारण. पण एक सांगते, या सगळ्या बातम्या अशा होत्या की ज्या कोणीतरी तपासायला घेतल्या होत्या, आणि साइट एकच, त्यामुळे यावरून जगातलं प्रत्येक खोटं प्रत्येक खऱ्याला मागे टाकतं असा अर्थ काढू नका.

प्रश्न: डॉक्टर, प्राध्यापक, संपादक यांना आधी जो मान होता तो का गेला?

त्यांच्या अधिकारात दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या आणि आपल्याला त्या वेगळ्या दिसत नव्हत्या. एक, त्यांना खरंच काहीतरी येत होतं. दोन, दार त्यांच्या हातात होतं, पुस्तकं त्यांच्याकडे, कुठलं पत्र छापायचं ते त्यांच्या मर्जीवर, रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते फक्त त्यांनाच वाचता येणार. हे दार उघडलं ते चांगलंच झालं, मी तर म्हणते फार आधी उघडायला हवं होतं, कारण त्या दाराआड कितीतरी चुका, कितीतरी माज आणि कितीतरी अन्याय लपून राहिला होता. पण दाराबरोबर पहिली गोष्ट पण वाहून गेली. दार तुमच्या हातात राहिलं नाही म्हणजे तुम्हाला काही येतही नाही, असा अर्थ लोकांनी काढला.

आणि संस्थांनी स्वतःच्या हाताने पण घालवलं. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने ट्विट करून ठासून सांगितलं की कोरोना हवेतून पसरत नाही. तो हवेतूनही पसरतो हे नंतर त्यांनाच मान्य करावं लागलं. मास्कचंही तसंच, सुरुवातीला सर्वसामान्य लोकांना गरज नाही म्हणाले आणि ५ जून २०२० ला सल्ला बदलला. नवीन रोग होता, सल्ला बदलणं अगदी साहजिक आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती अंदाज असताना खात्रीच्या आवाजात बोलल्याबद्दल. पूर्वी असं बोललेलं लोक विसरून जायचे, आता जुनं ट्विट आणि नवीन सल्ला एकाच स्क्रीनशॉटमध्ये शेजारी शेजारी फिरतात. आत्ता आम्हाला एवढं कळलंय, एवढं कळलेलं नाही, अमुक पुरावा आला तर मत बदलू, असं जो बोलेल त्याचाच शब्द पुढे टिकेल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: तज्ज्ञ पण चुकतात, मग त्यांचं ऐकायचं कशाला?

चुकल्यावर काय होतं ते बघून. १९९८ मध्ये लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा अवघ्या १२ मुलांवरचा पेपर आला, त्यातून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला यांवरची) लस आणि ऑटिझम म्हणजे स्वमग्नतेचा संबंध असल्याची भीती जगभर पसरली. पुढे मोठमोठ्या अभ्यासांत असा संबंध काही सापडला नाही, एका पत्रकाराने वर्षानुवर्षं मागे लागून त्यातले गैरप्रकार बाहेर काढले, २०१० मध्ये पेपर मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचं ब्रिटनच्या डॉक्टरांच्या यादीतून नाव काढलं. मधे बारा वर्षं गेली, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, पण मागे घेण्याची सोय तरी होती. फॉरवर्ड झालेला मेसेज कोण मागे घेणार? तो आजही कुठल्या तरी ग्रुपवर नवीन म्हणून येत असेल.

याच्या उलटं उदाहरण बॅरी मार्शल या डॉक्टरचं. पोटातल्या अल्सरला एक जीवाणू कारणीभूत असतो असं तो आणि रॉबिन वॉरन म्हणत होते, बरेच तज्ज्ञ मानायला तयार नव्हते, शेवटी १९८४ मध्ये मार्शलने तो जीवाणू स्वतः प्यायला आणि पोटाला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. 'बघा, तज्ज्ञांना कळलं नव्हतं' म्हणून ही गोष्ट फार लोक सांगतात, पण मार्शल जिंकला तो पुरावे मांडून, बाकीच्यांनी आपापल्या प्रयोगशाळेत तपासून बघितलं म्हणून. फॉलोअर्स जमवून नव्हे.

प्रश्न: 'मी स्वतः रिसर्च केलाय' यात वाईट काय?

वाईट काहीच नाही, फक्त सर्च केल्याने ज्ञान वाढतं त्याच्यापेक्षा आपल्याला ज्ञान आहे ही भावना जास्त वाढते. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की ज्यांना काही प्रश्नांची उत्तरं इंटरनेटवर शोधू दिली ते नंतर दुसऱ्याच, संबंध नसलेल्या विषयात पण आपल्याला जास्त कळतं असं सांगायला लागले. फोनमधलं आणि डोक्यातलं यातली रेघ पुसट होते. सोपी टेस्ट म्हणजे फोन बाजूला ठेवून कोणाला तरी पूर्ण समजावून सांगायचा प्रयत्न करायचा, कुठे अडतो ते लगेच कळतं.

प्रश्न: कोणावरच विश्वास ठेवला नाही तर निदान फसणार तरी नाही ना?

हा प्रश्न ऐकला की मला खरंच काळजी वाटते, कारण विचारणारा बहुतेक वेळा शहाणा, आधी एक-दोनदा पोळलेला माणूस असतो. पण हेच काही लोकांना हवं असतं. अमेरिकेतल्या एका तंबाखू कंपनीचा १९६९ चा अंतर्गत कागद पुढे उजेडात आला, त्यात सरळ लिहिलं होतं की आमचा माल म्हणजे शंका. सिगरेट चांगली आहे हे लोकांना पटवायची त्यांना गरजच नव्हती, डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही बुवा, एवढं वाटलं की पुरे, माणूस आणखी एक पेटवतो. माहिती महाग होती तेव्हा सत्य दाबायला लोकांची तोंडं बंद करावी लागायची. आता सत्याच्या शेजारी दहा उलटसुलट गोष्टी आणून ठेवल्या की काम होतं, वाचणारा दमतो आणि म्हणतो जाऊ दे, सगळेच खोटं बोलतात. मग खरा पुरावा समोर आला, खरा व्हिडिओ आला, तरी पकडला गेलेला माणूस म्हणू शकतो की हे बनवलेलं आहे, आणि लोक खांदे उडवून पुढे जातात.

आणि कोणावरच विश्वास नाही असं म्हणणारा माणूस खरंच तसा राहत नाही. निर्णय तर घ्यावाच लागतो, मग तो जो आवडेल, जो आपल्या बाजूचा वाटेल, जो जोरात बोलेल त्याचं ऐकतो.

प्रश्न: मग अधिकार संपला की दुसऱ्या कोणाकडे गेला?

गेला. समोर काय येणार हे जो ठरवतो त्याच्याकडे. यूट्यूबच्याच एका बड्या अधिकाऱ्याने २०१८ मध्ये सांगितलं होतं की लोक तिथे जेवढा वेळ बघतात त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ साइटने सुचवलेल्या व्हिडिओंवर जातो. संपादक पण निवड करायचा, पण त्याचं नाव पेपरवर छापलेलं असायचं, त्याला पत्र लिहून झापता यायचं, कोर्टात खेचता यायचं. आज माझ्या आणि तुमच्या स्क्रीनवर वेगवेगळं येतं, का ते दोघांनाही माहीत नाही, आणि विचारायचं कोणाला ते पण माहीत नाही. मला तरी हा जुन्या अधिकारापेक्षा जास्त काळजीचा वाटतो.

प्रश्न: सरकारने बंदी घालावी का?

नको. खरं काय ते ठरवायचा अधिकार ज्याच्या हातात सत्ता आहे त्यालाच दिला तर पहिली बंदी त्याच्यावरच्या टीकेवर येणार, चारशे वर्षांची ती यादी आठवा. त्यापेक्षा वेग कमी करणं मला पटतं. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये भारतात आणि २०१९ मध्ये जगभर एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली, आणि अशा मेसेजचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. कोणाचं तोंड बंद केलं नाही, काय खरं ते कोणी ठरवलं नाही, फक्त पाठवायला किंचित कष्ट पडले.

प्रश्न: विकिपीडियावर विश्वास ठेवायचा का?

सुरुवात करायला हो. २००५ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकाने विज्ञानाचे लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले तेव्हा विकिपीडियात लेखामागे साधारण चार आणि ब्रिटानिका या जुन्या ज्ञानकोशात तीन चुका निघाल्या, ब्रिटानिकाने त्या तपासणीवर जोरदार आक्षेप घेतला होता हे पण खरं. मला त्यातला इतिहास हा टॅब सगळ्यात जास्त आवडतो, कोणी काय बदललं आणि कधी, सगळं उघड.

प्रश्न: एआय आल्यावर काय बदललं?

आत्तापर्यंत नक्कल फुकट होती पण लिहायला कोणीतरी बसावं लागायचं. आता लिहिणं पण फुकट झालं. नीटनेटकी भाषा, मुद्देसूद मांडणी, आकडे, हवाले, हे बघून आपण म्हणायचो की माणसाने मेहनत घेतलीय म्हणजे काहीतरी तथ्य असणार. ती खूण गेली. आता मजकूर कसा दिसतो त्यावरून काही कळत नाही, तो कोणाच्या नावावर आलाय आणि चुकला तर तो माणूस जबाबदारी घेणार का, हेच बघावं लागणार.

प्रश्न: ठीक आहे, पण रोजच्या रोज मी करू काय?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्टचेकर (बातम्यांतली माहिती तपासणारे) यांना अनोळखी वेबसाइट तपासायला दिल्या. प्राध्यापक आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले, लोगो बघितला, भाषा बघितली, आणि बरेच जण फसले. फॅक्टचेकर क्षणात त्या पानावरून उठले, नवीन टॅब उघडून ही संस्था कोण, तिच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघितलं आणि कमी वेळात बरोबर उत्तराला पोचले. म्हणजे शाळेत आपल्याला जे शिकवलं, की नीट लक्ष देऊन वाचा, ते इथे थोडं उलटं आहे, आधी कोण बोलतंय ते बघा, मग वाचायचं की नाही ते ठरवा. आणि प्रत्येक गोष्ट तपासायच्या फंदात पडू नका, कोणालाच ते झेपणार नाही. ज्यावर तुम्ही पैसे, औषध, मत किंवा कोणाची अब्रू यातलं काही पणाला लावणार असाल तेवढंच तपासा, बाकीचं फक्त पुढे पाठवू नका.

प्रश्न: फॅमिली ग्रुपवर काकांनी चुकीचं औषध टाकलं तर काय करायचं? बोललं तर वाईट दिसतं.

बोला, पण आधी ग्रुपवर नको, फोन करा. 'काका, तुम्ही ते बीपीच्या गोळीबद्दल टाकलंत ना, ते कुठून आलं हो? मी जरा शोधलं तर वेगळंच दिसतंय.' बहुतेक वेळा काकांना पण माहीत नसतं, त्यांना कोणीतरी पाठवलेलं असतं, आणि त्यांनी ते आपल्या माणसांच्या काळजीपोटीच टाकलेलं असतं, ही काळजी खरी असते ती आधी मान्य करा. चार लोकांत 'हे फेक आहे' असं लिहिलंत तर त्यांना मेसेजपेक्षा स्वतःचा मान वाचवावा लागतो. दुरुस्ती केली की माणूस उलट आणखी हट्टाला पेटतो असं मधे फार बोललं जायचं, पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तसं फारसं दिसलं नाही, दुरुस्तीचा उपयोग होतो.

पण औषध बंद करा, अमुक घ्या, असला मेसेज असेल तर मानापमान बघत बसू नका, ग्रुपवर लगेच लिहा, कारण तोवर कोणीतरी गोळी थांबवलेली असू शकते. लिहिताना चुकीचं वाक्य पुन्हा वर टाकू नका, सरळ बरोबर गोष्टीनेच सुरुवात करा: 'बीपीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही बंद करू नका.' खाली तारीख आणि कोणाला विचारलं ते. तीन ओळींच्या वर जाऊ नका, म्हणजे काकांना पण तो मेसेज जिथे जिथे आधीचा पाठवला होता तिथे तसाच पाठवता येईल.